ठाकूरबाई कुणाचंच सांगत नाहीत

बाईंचं खरं नाव नीहारकणा गुहठाकुरता. जालन्यात हे नाव कुणालाच धड घेता आलं नाही आणि घ्यायचा फारसा प्रयत्नही कुणी केला नाही. पोस्टमननं पहिल्याच आठवड्यात पुढचं सगळं टाकून दिलं आणि शेवटचं तेवढं ठेवलं. तेव्हापासून त्या ठाकूरबाई. ठाकूर म्हणजे राजपूत असणार, असं समजून गल्लीतल्या दोघातिघांनी त्यांना अदबीनं रामराम घातला. मग एके दिवशी खिडकीतून मोहरीच्या तेलात मासळी तळल्याचा वास आला आणि रामराम जरा आखडता झाला. बाईंना दोन्हीचं काही वाटलं नाही. ज्यांचं गावच दुसऱ्या देशात गेलं, त्यांनी नावाचं काय घेऊन बसायचं?

गाव होतं पूर्व बंगालात, बारिसालकडे. तिथून कळत्या वयात आईबापांबरोबर पळून त्या कलकत्त्याला आल्या आणि पहिले काही महिने स्टेशनाच्या फलाटावरच राहिल्या. भाषा बाईंना लवकर चिकटत. घरात बारिसाली बंगाली होती, फलाटावर हमालांची हिंदी मिळाली. पुढं शेजारच्या मौलवींच्या मुलीनं उर्दू शिकवली, कॉलेजात इंग्रजी आली, आणि ज्या विषयावर जीव जडला त्याची मूळ पुस्तकं जर्मनमध्ये निघाली म्हणून बाई जर्मनही शिकल्या. विषय होता मनोविश्लेषण. त्यात गोळी नाही, सुई नाही. माणसानं आडवं पडून मनात येईल ते बोलायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या डोक्यामागं बसून ऐकायचं. वर्षभर, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. बोलता बोलता बोलणाऱ्यालाच आपल्या दुखण्याचं मूळ सापडतं, असा तो सगळा प्रकार.

कलकत्त्याच्या गुरुजींनी एक गोष्ट मात्र बाईंकडून घोटून घोटून पक्की करून घेतली होती. आपल्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही. ‘येतो’ म्हणायचं नाही, तसं ‘येत नाही’ असंही म्हणायचं नाही. एकाच्या बाबतीत ‘नाही’ म्हणालात, तर दुसऱ्याच्या बाबतीत तुम्ही गप्प बसलात की लोक त्याचा अर्थ ‘हो’ असाच घेणार.

एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा झाला. ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्यांना वाटलं, आता पाळण्याला झालर लागणार. त्याच वर्षी बाईंचे यजमान शिशिरबाबू बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांवर काम करायला आले. ते रोज रेल्वेनं बदनापूरला जात आणि बाई जुन्या जालन्यातल्या दोन खोल्यांत कुणीतरी येण्याची वाट बघत. दारावर पाटी लावली होती: मनोविश्लेषण केंद्र.

पहिला माणूस आला तो पिशवी घेऊन. साहेबराव त्याचं नाव, बदनापूर रोडचा शेतकरी. त्यानं पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “शेतातली माती हाय. पोटॅश किती हाय ते बघून द्या.”

शेतीखात्यातल्या साहेबाची बायको आणि दारावर ‘विश्लेषण’ लिहिलेलं; त्यानं दुसरं काय समजायचं? बाई तेव्हा मोडकं मराठी बोलत. त्या म्हणाल्या, “मी माती नाही बघत. मन बघते.”

साहेबरावानं एकदा पिशवीकडं पाहिलं, एकदा बाईंकडं. “मंग राहू द्या,” म्हणाला. “आमचं मन ठीक हाय.” पिशवी उचलून तो निघून गेला. पण त्याला त्या दारातून बाहेर पडताना गल्लीनं पाहिलं होतं, आणि गल्लीला पिशवीत काय होतं ते माहीत नव्हतं.

या गल्लीत बाईंना एकच माणूस भेटला: शेजारचे देवानंद मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतला तेव्हा पोरांना शिकवायचंच, असा हट्ट धरला होता. त्या हट्टातून मास्तर झालेला हा माणूस. आपलं नाव, आपली वस्ती विचारून लोक कसे मागं सरकतात, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं होतं. म्हणून असेल, अख्ख्या जालन्यात बाईंचं पूर्ण नाव न अडखळता घेणारे ते एकटे. त्यांनी बाईंना मराठी शिकवलं, त्यांच्या बायकोनं, बेबीनंदानं, ज्वारीची भाकरी शिकवली. त्यांची विशाखा बाईंच्या घरातच इंग्रजी शिकत मोठी झाली. बाईंना ती मावशी म्हणायची.

वर्षभरानं वाटूरकडचे दोन पाहुणे बाईंच्या दारात आले. साहेबरावाच्या मुलीची सोयरीक चालली होती. बाईंनी चहा केला. पाहुण्यांनी बशीत ओतून तो प्यायला आणि मग हळूच विचारलं, “साहेबरावाच्या घरचं कुणी तुमच्याकडं येत व्हतं म्हनं?”

“मी कुणाचंच सांगत नाही,” बाई म्हणाल्या. मराठी आता बरंच सुधारलं होतं. वाक्य त्यांनी नम्रपणे, हसून, अगदी गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे म्हटलं. पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं, कपबशी खाली ठेवली, हात जोडले आणि गेले.

पुढच्याच आठवड्यात साहेबरावाची बायको गोजरबाई दारात उभी. आत यायला तयार नाही. “बाई, माझी पोर तुमच्या उंबऱ्यात कधी आली का? मंग न्हाई म्हणायला तुमची दातखीळ बसली व्हती का? सोन्यासारखी सोयरीक गेली माझी!”

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, “पण मी काही वाईट बोललेच नाही.”

“वाईट बोलल्या असत्या तं बरं झालं असतं. भांडले असते मी तुमच्याशी. ह्याला काय म्हणू?” आणि गोजरबाई भर रस्त्यात तोंडाला पदर लावून रडली.

मग मास्तरांनी बाईंना समजावून सांगितलं. इकडं सोयरिकीच्या चौकशीत मुलीचं वाईट कुणीच बोलत नाही. परक्याच्या लेकीचं वाईट बोललं तर पाप लागतं. मुलगी चांगली असली की लोक तोंडभरून बोलतात, दोन पिढ्यांचं सांगतात, वर जेवून जा म्हणतात. आणि काही कमीजास्त असलं की एवढंच म्हणतात, ‘आम्हाला तसं काही माहीत नाही बुवा.’ पाहुण्याला तेवढं पुरतं. तो उठतो. “ताई, तुमच्या शास्त्रात गप्प म्हणजे गप्प,” मास्तर म्हणाले. “आमच्याकडं गप्प म्हणजे निकाल.”

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. सहा भाषा येणाऱ्या बाईला गावाचा हा साधा रिवाज कळला नव्हता, आणि त्याची किंमत दिली होती त्यांच्या उंबऱ्यात कधीही न आलेल्या पोरीनं. पुढं तिचं लग्न झालं, पण उशिरा आणि बेताच्या घरी.

नियम मोडायचा नव्हता. उपाय काढला तो मास्तरांनी. शाळेत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, जिथं चार माणसं भेटतील तिथं ते सांगत सुटले, “ठाकूरबाई कुणाचंच सांगत न्हाईत. चांगल्याचंबी न्हाई, वाईटाचंबी न्हाई. त्यांच्या गप्प बसण्यात काही अर्थ न्हाई, भिंतीला विचारल्यासारखं हाय.” एका माणसानं सांगून गाव शहाणं होत नसतं, पण मास्तर चिवट. वर्षामागून वर्षं ते हेच सांगत राहिले आणि शेवटी गावानं ते उचललं. इतकं, की पोरगं चोरून काही करून आलं आणि बोलेना, तर आया विचारू लागल्या, “सांगत का न्हाईस? तू काय ठाकूरबाई हाईस का?”

त्यानंतरची दहा-बारा वर्षं बाईंची खरी वर्षं. माणसं येऊ लागली, मुख्य म्हणजे बायका. दिवाणावर आडवं व्हायला मात्र एकही तयार झाली नाही. “वडीलधाऱ्या बाईसमोर पाय पसरून पडू? मेल्यावर पडायचंच हाय की,” असं एकीनं तोंडावर सांगितलं. नुसतं बसवलं तर बोलायच्या नाहीत. रिकाम्या हातांनी बायकांना बोलताच यायचं नाही. एकदा एकजण वाट बघता बघता बाईंच्या स्वयंपाकघरातलं तुरीच्या डाळीचं सूप घेऊन खडे निवडायला लागली, आणि मान खाली घालून निवडता निवडता नवऱ्याचं, सासूचं, मेलेल्या लेकराचं सगळं बोलून गेली. बाईंनी त्या दिवसापासून दिवाण भिंतीला लावून त्यावर पुस्तकं रचली आणि बाजारातून मुद्दाम न निवडलेली डाळ आणू लागल्या. समोर सूप, मागं बाई. घरून निघताना बायकांना कारणही मिळालं: ठाकूरबाईकडं निवडायला चालले. कलकत्त्याच्या गुरुजींनी हे बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता, पण त्यांना जालन्यात कोण बोलावत होतं?

मराठी, दखनी, मारवाडी, समोरची जी बोलेल ती भाषा बाई ऐकत. शिशिरबाबू शहाऐंशी साली गेले, बदनापूरच्या फलाटावरच छातीत कळ येऊन. कलकत्त्याहून भाऊ पोहोचायच्या आत सगळं मास्तरांनी आणि बेबीनंदानं केलं. बेबीनंदा कितीतरी दिवस बाईंच्या शेजारी अंथरूण टाकून झोपली. भाऊ म्हणाला, चल परत. बाई म्हणाल्या, माझ्या बायका अर्ध्या बोलून झाल्यात, त्यांना टाकून कशी येऊ? लोकांचं भलं करण्याचं हे वेड वाईट. त्याला ना घर दिसत, ना म्हातारपण.

पंचाण्णव साली गल्लीतल्या गिरिजाबाई आपल्या भाचीला घेऊन आल्या. कालिंदी. आष्टीच्या सर्जेरावांची मुलगी, कॉलेजासाठी मावशीकडं राहिलेली. घास गिळता येत नव्हता. सगळ्या तपासण्या झाल्या, घशात काही नाही. धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला होता आणि तेव्हा ही घरात होती, एवढं आष्टीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं जे होतं ते कालिंदी त्या खोलीत बोलली. बाईंनी ते कधी कुणाला सांगितलं नाही, तेव्हा आपणही विचारू नये. पहिले कित्येक महिने ती नुसतीच डाळ निवडायची. मग एक दिवस बोलायला लागली, आणि बोलून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन तिनं मागून घेऊन अर्धी भाकरी खाल्ली. बाई दाराआड उभ्या राहून रडल्या.

दुसऱ्या वर्षी तिनं एकदा विचारलं, “बाई, माझी सोयरीक निघाली आणि पाहुणे तुमच्याकडं आले तं?”

“येऊ देत,” बाई म्हणाल्या. “मी कुणाचंच सांगत नाही, हे साऱ्या जालन्याला माहीत आहे.”

कालिंदी हसली. पोरीचा तेवढ्यावर विश्वास होता, आणि बाईंचाही.

सत्त्याण्णव साली विशाखाचं जमत आलं. मुलगा औरंगाबादचा, इंजिनियर, मनमिळाऊ. विशाखालाही मनापासून पसंत. पण ती रोज त्या डोक्याच्या डॉक्टरणीकडं जाते, असं कुणीतरी तिकडं कळवलं होतं. जायची तर खरंच, मावशीकडं इंग्रजी वाचायला. संध्याकाळी मास्तर बाईंकडं आले आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले.

“ताई, उद्या औरंगाबादचे लोक येऊन राह्यलेत. माझ्याकडं न्हाई, तुमच्याकडं.”

“मास्तर, मी कुणाचं सांगत नाही, हे तुम्हीच गावभर सांगितलंत.”

“गावभर सांगितलं. औरंगाबादेत कुठं सांगितलं? त्यांना तुमचं गप्प बसणं म्हणजे निकालच वाटणार. गोजरबाईच्या पोरीचं झालं तेच माझ्या पोरीचं व्हईल.”

“मी एकदा तोंड उघडलं, तर बाकीच्यांचं काय?”

“मला म्हाईत हाय. ती भिंत मीच बांधली ना?” मास्तर म्हणाले. “पण विशाखा तुमची पेशंट न्हाई. तिचं काही गुपितच न्हाई तुमच्यापाशी, मंग फुटायचं काय त्यात? इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही मागितलं का, ताई?”

बेबीनंदा दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, आणि ती काहीच बोलली नाही याचंच बाईंना ओझं झालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असली ती गत. ज्या माणसांनी नवऱ्याची तिरडी बांधली त्यांच्या लेकीसाठी एक वाक्य नाही? आणि वाक्य तर खरं होतं. माणूस मोठी चूक करतो तेव्हा अशीच चांगली कारणं हाताशी असतात.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी प्रश्न पुरा करायच्या आत बाई म्हणाल्या, “विशाखा? ती माझ्याकडे इलाजाला कधीच आली नाही. इंग्रजी शिकायला येते. मुलीसारखी आहे मला.” नवऱ्या मुलाच्या आत्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि बाईंनी घरी केलेल्या बंगाली मिठाईतले दोन संदेश आवडीनं खाल्ले. त्या संध्याकाळी बाई खुशीत होत्या. वर्षानुवर्षं ऐकूनही जे साधत नाही, ते एका वाक्यानं झालं होतं.

लग्न औरंगाबादला झालं. बाईंना आमंत्रण नव्हतं. चार दिवसांनी मास्तर लाडूंचा डबा घेऊन आले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, “गैरसमज करून घेऊ नका, ताई. तुम्ही मांडवात दिसल्या असत्या तं तिकडचे उगाच…” बाईंनी डबा घेतला. लाडू चांगले होते, पण त्यांना एकच खाता आला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते पुढं सुरू झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची होती; ती एकदा उघडली आणि गावानं आत काय आहे ते बघितलं. मास्तरांनी वर्षानुवर्षं जे सांगितलं ते पुसायला दोन महिने लागले नाहीत. पोर चांगली असली की ठाकूरबाई सांगतात; सांगितलं नाही तर समजून घ्या. लेकीच्या आया बाईंकडं येऊ लागल्या, ज्यांच्या लेकींना बाईंनी कधी पाहिलंही नव्हतं. “माझ्याबी पोरीचं सांगा, मास्तराच्या पोरीसारखं.” नाही म्हटलं की शिव्या. आणि ज्या खरंच बोलायला येत होत्या, त्या एक एक करून यायच्या बंद झाल्या. डाळ तशीच पडून राहू लागली.

गोजरबाई एकदा काठी टेकत आली. आता ती म्हातारी झाली होती. या वेळी मात्र आत येऊन बसली. “मास्तराच्या पोरीसाठी तुम्हाला ‘न्हाई आली’ म्हणता आलं,” ती शांतपणे म्हणाली. “माझ्याच पोरीच्या टायमाला नेम आडवा आला व्हय?” बाईंनी हात जोडले. म्हातारीनं त्या जोडलेल्या हातांकडं बघितलं, पाणी मागितलं, प्याली आणि गेली.

आणि मग दिवाळी झाल्यावर वाटूरचे काकासाहेब आले. पुतण्यासाठी कालिंदी बघितली होती, मुलगी पसंत होती, घर तोलामोलाचं. काकासाहेब वयस्क, अदबशीर माणूस. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “बाई, आष्टीच्या सर्जेरावांची पोर तुमच्याकडं येत व्हती का? तेवढंच विचारायचं व्हतं.”

“मी कुणाचंच…” बाईंनी सवयीनं सुरुवात केली.

काकासाहेब मंद हसले. “मास्तराच्या पोरीचं तं सांगितलं म्हणे तुम्ही.”

गप्प बसावं, तर गप्प बसण्याचा अर्थ आता ठरून गेलेला. येते म्हणावं, तर कालिंदीला दिलेला शब्द मोडतो, आणि डोक्याच्या डॉक्टरणीकडं जाणाऱ्या पोरीला कोण सून करून घेणार? राहिलं खोटं. बाई आयुष्यात कुणाच्याही बाबतीत खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळं त्यांना ते जमतही नव्हतं. चहा निवून गेला तेव्हा कुठं त्यांच्या तोंडून निघालं, “ती मुलगी माझ्याकडे कधीच आली नाही.”

“बरं,” काकासाहेब म्हणाले. टोपी घातली, उठले. उंबऱ्यापाशी थांबून मात्र त्यांनी मागं वळून बघितलं. आवाजात राग नव्हता.

“बाई, आम्ही तिच्या मावशीच्या दारावरूनच आलोत. तिथली लेकरंबी सांगतात, ती दोन वर्षं तुमच्याकडं येऊन राह्यली म्हणून. त्याचं आमाला काही न्हवतं. पाठचा भाऊ गेला, पोर खचली, कुठंतरी जाणारच की. येत व्हती, आता बरी हाय, एवढं म्हणल्या असत्या तं आम्ही कुंकू लावूनच गेलो असतो. पण तुमच्यासारखी बाई खोटं बोलते, म्हंजी झाकण्यासारखं काहीतरी लई मोठं असणार. आम्ही नको म्हणतो.”

तेलही गेलं, तूपही गेलं. नियम गेला, शब्द गेला आणि पोरीची सोयरीकही गेली. बाई तशाच धावत रस्त्यावर आल्या, “अहो, ऐका, मुलगी फार गुणाची आहे!” असं ओरडल्या. भर दुपारी ठाकूरबाई एका पोरीसाठी रस्त्यात ओरडत आहेत, हे गल्लीनं बघितलं आणि त्याचाही अर्थ लावला.

सर्जेरावांनी मग थांबायचं नाव घेतलं नाही. बोभाटा आणखी व्हायच्या आत महिन्याभरात पोर उजवली. नांदेडकडचा बिजवर, दोन लेकरांचा बाप. गिरिजाबाई गल्लीत बाईंना बघून तोंड फिरवू लागल्या. मास्तर रोज फाटकापर्यंत येत, उभे राहत आणि परत जात. बाईंनी त्यांना दोष दिला नाही. पण पुन्हा बसा असंही म्हटलं नाही.

बाई त्यानंतरही सहा-सात वर्षं जालन्यात राहिल्या, शेवटी कलकत्त्याच्या भाच्यानं येऊन नेलं. निरोपाला गल्लीतलं कुणी आलं नाही. रिक्षात सामान चढवून दिलं ते मास्तरांनीच, मान वर न करता. कलकत्त्यात त्या वर्षभरही जगल्या नाहीत. पण त्यांचं काम खऱ्या अर्थानं संपलं ते त्याआधीच, कालिंदी शेवटची आली त्या दुपारी.

लग्नानंतर मावशीकडचं सामान न्यायला ती आली होती. बाहेर जीप उभी, जीपमध्ये सर्जेराव. अंगावर कोरं लुगडं, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. आत येऊन ती बाईंच्या समोर बसली. इतक्या दिवसांत समोर कधी बसली नव्हती. बाईंनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत नीट बघितलं आणि त्या बोलू लागल्या. माझ्यामुळं तुझं लग्न असं झालं, मला क्षमा कर, मी घाबरले, मला खोटं बोलायचं नव्हतं. काय काय बोलल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकणारी बाई त्या दिवशी थांबेचना.

कालिंदीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माणूस बरा हाय, बाई. लेकरंबी गोड हाईत, आई म्हणतात मला. मी त्यासाठी न्हाई आले.”

“मग?”

“तुम्ही काकासाहेबांना म्हणल्या, ती माझ्याकडं कधीच आली न्हाई.” ती बांगड्या मागंपुढं करत होती. “भावाचं मी जे इथं सांगितलं, ते आईला न्हाई सांगितलं, मावशीला न्हाई. नवऱ्याला तं सांगणारच न्हाई. जगात एका माणसाला म्हाईत हाय, एवढ्यावर मी जेवत व्हते.” तिनं मान वर केली. “तुम्हीच म्हणल्या मी आलेच न्हाई, मंग ते मी कुणाला सांगितलं?”

“मला सांगितलंस,” बाई म्हणाल्या. “कालिंदी, मला सांगितलंस. तू आली होतीस. रोज आली होतीस.”

“आता आपण दोघीच हाओत,” कालिंदी म्हणाली. “आता म्हणून काय उपेग?”

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तिनं उठून पदर डोक्यावर घेतला, रीतीप्रमाणं वाकून बाईंच्या पायाला हात लावला, आणि निघून गेली.